सुटींतलीं पुस्तकें आणि वडिलांचा अधिकार

उन्हाळ्याची सुटी लागली कीं सुशिक्षित कुटुंबांतून एक जुना वाद दरवर्षीं नव्यानें उभा राहतो. परीक्षा आटोपलेली असते, शाळेचीं पुस्तकें माळ्यावर गेलेलीं असतात, वैशाखांतली दुपार संपतां संपत नाहीं, आणि घरांत चौदापंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कांहींतरी वाचीत पडलेली असते. तें काय आहे, तें त्या वयास योग्य आहे काय, आणि त्याहून अधिक हिताचें दुसरें कांहीं हातीं देतां आलें नसतें काय, असे प्रश्न वडील माणसांच्या मनांत येऊं लागतात. कोथरूडसारख्या वस्तींत, जेथें शिक्षणावर श्रद्धा नाहीं असें घर शोधूनच काढावें लागेल, आणि जेथें पौड रस्त्यानें चार पावलें गेलें तरी शिकवणीवर्गांच्या पाट्या दृष्टीआड होत नाहींत, तेथें हे प्रश्न अधिकच टोंचतात.

या वादांत सामान्यतः दोन पक्ष असतात. पहिला पक्ष म्हणतो कीं मुलाचें मन ओल्या मातीसारखें असतें. तिच्यावर जो ठसा उमटेल तो कायमचा. म्हणून ठसा कोणता हें वडिलांनींच ठरविलें पाहिजे. या पक्षाच्या हातांत बहुधा ‘श्यामची आई’ असते. दुसरा पक्ष म्हणतो कीं हल्लींच्या दिवसांत मूल मोबाईल बाजूस ठेवून पुस्तक उघडतें हेंच पुष्कळ झालें. तें काय वाचतें याची चौकशी कशाला? हे दोन पक्ष दिसतात परस्परविरुद्ध. पण एका गोष्टींत त्यांचें ऐक्य आहे. मुलानें वाचलेलें पुस्तक आपणही वाचावें आणि त्याविषयीं त्याच्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलावें, हे श्रम दोघांसही नको असतात. पहिला निवड करून मोकळा होतो, दुसरा निवड न करतां मोकळा होतो. म्हणून प्रश्न थोडा खोल जाऊन विचारावयास हवा. दुसऱ्या माणसाच्या, मग तो आपल्या पोटचा कां असेना, एकांतांतील वाचनावर आपला अधिकार आहे काय? असल्यास तो कोठून येतो, आणि कोठें संपतो?

हा प्रश्न विचारतां येतो हेंच एका मोठ्या सामाजिक बदलाचें फळ आहे, हें आरंभींच लक्षांत घेतलें पाहिजे. बाल्य आणि प्रौढत्व यांच्यामध्यें चारसहा वर्षांचा एक मोकळा पट्टा असतो, ही कल्पना आपल्याकडे फार जुनी नाहीं. १८९० सालीं सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती, त्या काळीं तिच्यांतल्या यमूसारख्या मुलीला कुमारवय असें नव्हतेंच. मुलगी बाहुल्या टाकून एकदम सासरीं जाई, आणि दुर्दैव ओढवल्यास तितकीच एकदम विधवा होई. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें वयाची मर्यादा १० वरून केवळ १२ वर नेली, तरी केवढा गहजब झाला हें सर्वांस ठाऊक आहे. पुढें १९२९ च्या शारदा कायद्यानें लग्नाचें किमान वय मुलीस १४ व मुलास १८ असें ठरविलें. आज चौदा वर्षांची मुलगी सुटींत कादंबरी घेऊन खिडकीशीं बसते, तेव्हां तीं वर्षें तिला निसर्गानें आयतीं दिलेलीं नाहींत. कायद्यानें, शाळांनीं आणि कांहीं हट्टी माणसांनीं तीं तिच्यासाठीं मिळवून आणलेलीं आहेत.

त्या हट्टी माणसांपैकीं एकाचा पुतळा कोथरूडांतच उभा आहे. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ मध्यें अनाथ बालिकाश्रम काढला, आणि पुढें तो शहराबाहेर हिंगण्यास नेला. त्या वेळीं शहरापासून दूर असलेला तो भाग आज कोथरूडला लागून कर्वेनगर या नांवानें गजबजलेला आहे. या आश्रमाच्या आश्रयास आलेल्या मुलींना व स्त्रियांना जें मिळालें, तें अन्नवस्त्र तर होतेंच. परंतु त्याहून अधिक म्हणजे अक्षर आणि अवकाश. स्त्रियांच्या हातीं पुस्तक देणाऱ्यांवर त्या काळीं एक मोठा आक्षेप घेतला जाई, तो हा कीं वाचल्यानें त्या बिघडतील. बिघडतील याचा अर्थ बहुतेक वेळां एवढाच असे कीं आपल्या स्थितीसंबंधीं त्या स्वतः विचार करूं लागतील. आज आपण मुलांच्या वाचनाविषयीं काळजी करतों, तेव्हां त्या काळजींत हितचिंतन किती आणि ही जुनी भीति किती, हें प्रत्येकानें आपल्याशीं तपासून पाहावें.

तथापि वडिलांच्या अधिकाराच्या बाजूनें बोलण्यासारखें कांहींच नाहीं, असें मात्र नव्हे. त्या बाजूचा सर्वांत जोरदार दृष्टांत पथ्यापथ्याचा आहे. मूल काय खातें हें आपण पाहतों, मग तें काय वाचतें हें कां पाहूं नये? दृष्टांत आकर्षक आहे, पण तो अर्ध्या वाटेवरच लंगडा पडतो. अन्न पोटांत गेलें म्हणजे खाणाऱ्याचें मत न विचारतां आपलें काम करतें. पुस्तकाचें तसें नाहीं. पुस्तक वाचणाऱ्याच्या कल्पनेंतून, अनुभवांतून आणि कबुलीअकबुलींतून गाळून आंत जातें. एकच कादंबरी दोन भावंडें वाचतात. एकाला तिच्यांतला साहसी पुरुष दिसतो, दुसरीला त्याच्या घरीं वाट पाहत बसलेली आई दिसते. वैद्य औषधाचा गुण बराचसा आधीं सांगूं शकतो; पुस्तकाचा गुण आधीं सांगणारा वैद्य अजून जन्मास यावयाचा आहे. असें असलें तरी दृष्टांतांत सत्याचा एक अंश उरतोच. जें लेखन क्रौर्याची किंवा दुसऱ्याच्या देहाच्या विटंबनेची चटक लावण्यासाठींच बनविलेलें असतें, त्यापासून कोवळ्या वयास राखणें हें वडिलांचें कर्तव्यच आहे. परंतु हें कर्तव्य थोड्या पुस्तकांपुरतें आहे. त्याच्या बळावर सर्व ग्रंथालयाच्या किल्ल्या कमरेस लावतां येत नाहींत.

निवड करणाऱ्याच्या हातांत किती कमी असतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण रूसोचें आहे. १७६२ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘एमिल’ या ग्रंथांत आपल्या काल्पनिक शिष्याला त्यानें बरींच वर्षें पुस्तकांपासून दूर ठेविलें, आणि शेवटीं एकच पुस्तक प्रथम हातीं दिलें, तें म्हणजे ‘रॉबिन्सन क्रूसो’. मुलानें निर्जन बेटावरच्या माणसाप्रमाणें स्वतःच्या बुद्धीनें वस्तूंचें मोल ठरवावें, हा त्याचा हेतु. हेतु उदात्त होता. पण त्याच पुस्तकांत क्रूसो फ्रायडेला वांचवितो, त्यास स्वतः नांव ठेवतो, आणि आपल्याला ‘धनी’ म्हणावयास शिकवितो. शंभर वर्षें राज्य भोगलेल्या देशांतील मुलाला तो प्रसंग एक दिसेल. राज्य सोसलेल्या देशांतील मुलाला दुसरा दिसेल. स्वावलंबनासाठीं दिलेलें पुस्तक दास्याविषयीं विचार करावयास लावील, आणि हें फळ देणाऱ्याच्या हिशेबांत कोठेंही नव्हतें. म्हणून निवडीचा अधिकार मान्य केला तरी फळाचा अधिकार वडिलांना मिळत नाहीं.

आपल्याकडील साहित्यशास्त्रानें या प्रश्नाचा एक सूक्ष्म विचार पूर्वींच करून ठेविला आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशां’त उपदेशाचे जे प्रकार मानले आहेत, ते प्रसिद्ध आहेत. वेद प्रभूप्रमाणें आज्ञा करतात. पुराणें व इतिहास मित्राप्रमाणें समजावून सांगतात. काव्य मात्र प्रिय कांतेप्रमाणें मन वळवून घेतें. उपमा जुन्या काळची आहे. पण तिच्यांतील भेद आजही खरा आहे. कादंबरी हुकूम देत नाहीं, वाद घालीत नाहीं. ती वाचकाला आपल्या बाजूस बसवून घेते. आतां जो बाप किंवा जी आई कादंबरी मुलाच्या हातीं देऊन ‘यांतून तूं काय शिकलास तें सांग’ असें विचारते, ती काय करते? ती कांतेला शिपायाचा पोशाख चढविते. ज्या उपदेशाचें सामर्थ्य त्याच्या आज्ञारहितपणांतच होतें, तो आज्ञा होऊन येतो. आणि आज्ञेला मूल जें उत्तर देतें तेंच त्याला मिळतें. तें उत्तर म्हणजे तोंडी होकार आणि मनांतून पाठ.

याचा सर्वांत मोठा अन्याय ‘श्यामची आई’ या पुस्तकावरच झाला आहे, असें आम्हांस वाटतें. साने गुरुजींनीं तें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहिलें, आणि १९३५ मध्यें तें प्रसिद्ध झालें. पुढें १९५३ मध्यें आचार्य अत्रे यांनीं त्यावर चित्रपट काढला, आणि पुस्तकाचें नांव घरोघर गेलें. आज हें पुस्तक संस्काराची गुटी म्हणून दिलें जातें, आणि गुटी म्हणून दिलें गेल्यामुळें पुष्कळ मुलें तें न वाचतांच वाचल्यासारखें करतात. वास्तविक त्यांत गुळचटपणापेक्षां कटु सत्य अधिक आहे. कर्जापायीं घराची कशी धूळधाण होते, सावकाराच्या माणसापुढें अब्रूदार घराची मान कशी खालीं जाते, आणि आजारानें व दारिद्र्यानें आई मुलाच्या डोळ्यांआड कशी मरून जाते, हें सर्व त्यांत आहे. पोहावयास जाण्यास भिणाऱ्या मुलाला मारीत विहिरीकडे धाडणारी आई त्यांत आहे. आणि मोळी उचलतां न येणाऱ्या महार म्हातारीला हात लावावयास पाठविणारीही तीच आहे, ज्या काळीं तसा हात लावणें म्हणजे गांवाचा रोष ओढवून घेणें होतें. गुटी देणाऱ्या पालकाला यांतील कोणता प्रसंग मुलापर्यंत पोंचावा असें वाटतें? आज्ञाधारकपणाचा, कीं गांवाविरुद्ध जाण्याचा? मुलानें दुसराच उचलला, तर तो संस्कार झाला असें आपण म्हणूं काय? ‘श्यामची आई’ आपोआप हातीं लागलेल्या मुलाला हें पुस्तक रडवितें आणि अस्वस्थ करतें. नेमून दिलेल्या मुलाला तें फक्त कंटाळा आणतें. पुस्तक तेंच, देण्याची रीत निराळी.

मुलांसाठीं मराठींत नियमितपणें लिहिलें जाऊं लागलें, तेव्हांपासून बोधाचें ओझें त्या लेखनाच्या खांद्यावर होतेंच. विनायक कोंडदेव ओक यांच्या १८८१ मधील ‘बालबोध’ मासिकाचें नांवच तें सांगतें. वासुदेव गोविंद आपटे यांनीं १९०६ मध्यें मासिक काढलें तेव्हां त्याचें नांव ‘आनंद’ ठेविलें, आणि एका शब्दाच्या फरकानें बरेंच अंतर कापलें. पुढें ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला, आणि भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे सायकलीवरून पुण्यांत शिरला. फेणे कोणाला उपदेश करीत नाहीं. तो फक्त स्वस्थ बसत नाहीं. परंतु ज्या मुलानें एखादी सुटी त्याच्या संगतींत काढली, त्याच्या मनांत एक गोष्ट नकळत घर करून राहते, ती ही कीं समोर कांहीं खोटें घडत असतां ‘आपल्याला काय करायचें आहे’ असें म्हणणें हें फेणेच्या स्वभावांत बसत नाहीं. हा बोध नव्हे काय? आहे, पण तो मागून आलेला आहे, पुढें उभा राहिलेला नाहीं.

याच्या पुढची पायरी म्हणजे कुमारवयाविषयींचीं खरीं पुस्तकें, आणि येथें वडिलांची काळजी शिगेस पोंचते. मिलिंद बोकील यांची २००४ मधील ‘शाळा’ आणीबाणीच्या दिवसांतील नववीच्या वर्गाची कथा आहे. तिच्यांत मुकुंद जोशी व त्याचे मित्र वडिलांसमोर बोलत नाहींत ती भाषा आपापसांत बोलतात. वर्गांतल्या एका मुलीच्या नुसत्या वाटेनें जाण्यानें त्याचें सर्व विश्व उजळतें आणि काळवंडतें. प्रकाश नारायण संत यांचा ‘वनवास’मधला लंपन आईवडिलांपासून दूर, आजीआजोबांपाशीं वाढतो, आणि त्याच्या कानडी वळणाच्या मराठींतून एका मुलाचें एकटेपण आपल्याला जवळून दिसतें. हीं पुस्तकें केवळ मुलांसाठीं लिहिलेलीं नाहींत. तरी पंधराव्या वर्षीं तीं ज्या रीतीनें लागतात, त्या रीतीनें पुन्हां कधीं लागत नाहींत. त्या वयांत माणसाला एक विलक्षण लाज असते. आपल्या मनांत जें चाललें आहे तें जगांत दुसऱ्या कोणाच्याही मनांत चाललेलें नसेल, अशी त्याची खात्री असते. अमेरिकेंत १९६७ सालीं निघालेली ‘द आउटसायडर्स’ ही कादंबरी एस. ई. हिंटन या मुलीनें शाळकरी वयांतच लिहावयास घेतली, याचें कारणही हेंच असावें. तिच्या भोवतालच्या मुलांसारखीं मुलें पुस्तकांत भेटत नव्हतीं. ज्या पुस्तकानें ही लाज थोडी तरी हलकी केली, त्यानें शिव्या शिकविल्या कीं नाहीं हा प्रश्न गौण ठरतो. शिव्या शाळेंत फुकट मिळतात; आपण एकटेच विकृत नाहीं हें आश्वासन फुकट मिळत नाहीं.

येथें कोणी विचारील: ठीक आहे, पण कादंबऱ्या वाचून माणूस चांगला होतो, असें तरी तुम्ही सिद्ध करूं शकतां काय? नाहीं, आणि तसा दावाही आम्ही करीत नाहीं. याच रूसोनें १७५८ सालीं नाटकगृहांविरुद्ध लिहितांना एक बोचरा मुद्दा मांडला होता. कल्पित दुःखासाठीं दोन अश्रू गाळले कीं माणसाला वाटतें, आपलें कर्तव्य झालें; मग खऱ्या दुःखी माणसासाठीं त्याला हात हालविण्याची गरज भासत नाहीं. हा मुद्दा खोडून काढणें सोपें नाहीं. यमूसाठीं रडलेल्या सर्वच वाचकांनीं आपल्या घरांतील विधवेचें जिणें सुसह्य केलें असेल, असें समजण्यास आधार नाहीं. पण यावरून निघतें तें एवढेंच कीं अश्रू हें वाचनाचें खरें फळ नव्हे. खरें फळ अश्रू वाळल्यावर सुरू होतें. तें म्हणजे निर्णय: हा माणूस बरोबर वागला काय? मी असतों तर काय केलें असतें? आणि ज्यानें हें लिहिलें त्यानें मला फसविलें तर नाहीं?

या निर्णयाचें एक तेजस्वी उदाहरण बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९५६ मध्यें ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत स्वतः सांगून ठेविलें आहे. त्यांचे वडील रामजी सुभेदार धार्मिक वृत्तीचे. मुलांनीं रामायण-महाभारत वाचावें असा त्यांचा आग्रह असे. मुलानें एके दिवशीं विचारलें कीं ब्राह्मण-क्षत्रियांचा मोठेपणा गाणारे हे ग्रंथ आपण कां वाचावयाचे? वडिलांनीं कारण सांगितलें: आपण अस्पृश्य, आपल्या मनांत न्यूनगंड येण्याचा संभव, द्रोण व कर्ण यांच्यासारखे लहान स्थितींतून वर चढलेले पुरुष पाहून तो जाईल. मुलाचें समाधान झालें नाहीं. भीष्म, द्रोण, कृष्ण आणि राम यांच्या वर्तनावर त्यानें आपले आक्षेप स्पष्ट सांगितले, आणि वडील निरुत्तर झाले. त्यापूर्वींच एका परीक्षेंत यश मिळाल्याबद्दल सत्कार झाला होता, त्या प्रसंगीं कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनीं आपण लिहिलेलें बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिलें होतें, आणि त्या वाचनाचा परिणाम कोठवर गेला हें जग जाणतें.

या हकीगतींत आपल्या प्रश्नाचें उत्तर जवळजवळ पूर्ण आलेलें आहे. वडिलांनीं निवड केली. निवडीचें कारण विचारल्यावर तें लपविलें नाहीं. आणि मुलानें त्याच ग्रंथाविरुद्ध निर्णय दिला तेव्हां तो ऐकून घेतला. दुसऱ्या वडील माणसानें पुस्तक दिलें तें भेट म्हणून. त्यावर परीक्षा घेतली नाहीं. हीं महाकाव्यें व हें चरित्र कादंबऱ्या नव्हेत, हें खरें. पण मूल आणि पुस्तक यांच्यामध्यें वडील माणसानें कोठें उभें राहावें, या प्रश्नाला त्यानें बाध येत नाहीं. आग्रहानें वाचविलेल्या ग्रंथांतून आग्रह करणाऱ्याच्या अपेक्षेच्या उलट विवेक जागा झाला, म्हणून तें वाचन फुकट गेलें असें कोण म्हणेल? उलट, तो विवेक जागा होणें हेंच वाचनाचें सार्थक.

हा विवेक जागा होण्यास एक गोष्ट अवश्य लागते, आणि ती म्हणजे एकांत. आजच्या कुमारवयीन मुलाच्या वांट्यास ती फार थोडी येते. शाळेंत त्याला गुण मिळतात, शिकवणींत क्रमांक मिळतो, घरीं तुलना मिळते, आणि मोबाईलवर त्याच्या हंसण्याबोलण्याला किती जणांनीं पसंती दिली याचा आंकडा मिळतो. असा एकही कोपरा उरत नाहीं, जेथें त्यानें चुकीचें मत बाळगावें, तें आठवडाभर जपावें आणि मग कोणाला न कळतां टाकून द्यावें. सुटींतली कादंबरी हा तसा कोपरा आहे. तेथें खलनायकावर जीव जडला तरी कोणी रागावत नाहीं. नायकाचा कंटाळा आला तर तें कोणाला सांगावें लागत नाहीं. सदसद्विवेकबुद्धि सदैव दुसऱ्याच्या नजरेखालीं वाढत नसते. नजरेखालीं वाढतें तें केवळ शिष्टवर्तन. म्हणून आमच्या मते वडिलांचा अधिकार पुस्तक हातीं देण्यापर्यंत पोंचतो, फार तर क्वचित् एखादें पुस्तक कारण सांगून रोखण्यापर्यंत पोंचतो. पण पुस्तक उघडल्यानंतर मुलाच्या मनांत जें चालतें, त्याच्या उंबऱ्याशीं तो संपतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा येईल कीं, हें तत्त्व आळशी पालकांस फार सोयीचें आहे. ‘आम्ही मुलांस स्वातंत्र्य देतों’ असें म्हणून ज्यांनीं त्यांच्या वाचनाकडे पाठ फिरविली आहे, त्यांना यांतून आधार मिळेल. हा आक्षेप आम्ही मान्य करतों, आणि म्हणूनच अधिकाराची मर्यादा सांगितल्यावर कर्तव्याची मर्यादा सांगणें प्राप्त आहे. ती अधिकाराहून पुष्कळ मोठी आहे. जें कपाटांत नाहीं तें निवडण्याचें स्वातंत्र्य हें स्वातंत्र्य नव्हे. कोथरूडांतील पुष्कळ सुस्थित घरांतून मुलाच्या कपाटांत ‘हॅरी पॉटर’चे सातही भाग असतात, मराठी कादंबरी मात्र आजोबांच्या खोलींत असते, आणि दोन खोल्यांमध्यें जाणें येणें नसतें. इंग्रजी पुस्तकांस नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. जेथून आनंद येतो तेथून तो घ्यावा. परंतु ज्या भाषेंत घरांतलीं भांडणें व समजुती होतात, त्या भाषेंत मुलानें कधीं एकही कल्पित माणूस पाहिला नसेल, तर त्याचे सूक्ष्म विचार एका भाषेंत आणि जिव्हाळे दुसऱ्या भाषेंत राहतील. २०२० सालच्या कायद्यानें राज्यांतील सर्व शाळांतून मराठी सक्तीची झाली. तें योग्यच झालें. पण सक्तीनें उत्तरपत्रिका लिहिल्या जातात, सुटींत पुस्तक उघडलें जात नाहीं. तें घरांतल्या मोठ्यांनीं स्वतः वाचीत बसल्यानें, बोलतां बोलतां एखाद्या पात्राचें नांव निघाल्यानें, आणि मुलानें कांहीं विचारलेंच तर ‘मग सांगेन’ न म्हणतां तेव्हांच बोलल्यानें उघडलें जातें.

आणि शेवटीं एक गोष्ट, जी या सर्व चर्चेंत सहज विसरली जाते. ज्या सुटींविषयीं आपण बोलत आहों, ती सर्वांना नसते. याच कोथरूडांत केळेवाडी आहे, किष्किंधानगर आहे, सुतारदरा आहे. अशा वस्त्यांतून राहणाऱ्या बायका सोसायट्यांतून धुणींभांडीं करतात, आणि त्यांपैकीं अनेकींच्या पंधरा वर्षांच्या मुलीची सुटी धाकट्या भावंडास सांभाळण्यांत किंवा आईबरोबर चार घरें अधिक करण्यांत जाते. त्या मुलीनें कोणती कादंबरी वाचावी या प्रश्नापूर्वीं तिला दुपार आहे काय, हा प्रश्न येतो. कर्व्यांच्या काळीं ज्या मुलीचें कुमारवय रूढीनें हिरावलें होतें, त्या मुलीचे जागीं आज गरिबीनें हिरावलेली मुलगी उभी आहे. आपल्या मुलाच्या वाचनाची निवड करण्यांत जी कळकळ आपण खर्च करतों, तिचा एक अंश जरी या मुलीस दोन तासांचा निवांतपणा, बसावयास जागा आणि निवडावयास पन्नास पुस्तकें मिळवून देण्याकडे लागला, तरी ‘श्यामची आई’ हें पुस्तक मुलांना सक्तीनें वाचावयास लावण्यापेक्षां त्या पुस्तकाचा अधिक सन्मान होईल. कारण मोळीला हात लावण्याचें जें काम त्यांतील आईनें सांगितलें होतें, तें हेंच.

अधिकार व कर्तव्य यांचा असा हिशेब मांडला म्हणजे मूळचा वाद बराचसा निवळतो. मूल आज जें वाचतें आहे त्यावरून तें उद्यां काय होईल, हें आपल्याला कळणार नाहीं. तें कळावें असा हट्टही धरूं नये. आपल्या हातीं आहे तें इतकेंच: पुस्तकें जवळ ठेवावीं, वेळ मोकळा ठेवावा, हांक आल्यास ओ द्यावी, आणि हांक येईपर्यंत दार लोटून घ्यावें.